मनोऱ्याचा ऑइल पेंट

ता. ९ जानेवारी

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

मग, मी सांगत होतो तेव्हा ऐकलंत का कोणी? दीपगृहाला तो चकचकीत ऑइल पेंट फासू नका म्हणून गेल्या सुट्टीत घसा फोडला. तर बाबा म्हणाले, चौथीत शाळा सोडलेल्यानं तीस वर्षं दिवा सांभाळणाऱ्याला शिकवू नये. आता तू लिहितेस, जिन्यापर्यंत ओल आलीय, पोपडे पडतात, आणि मे महिन्यात बंदराचे साहेब भिंत तपासून मनोरा ठेवायचा की पाडायचा ते ठरवणार. बाबांनी जेवण टाकलंय. मी इथे बसून काय करू, टाळ्या वाजवू?

नीट वाच. इथे मी जुन्या इमारतींवरच राबतो. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरलं की तिला ते बाहेर टाकायचं असतं. बाबांनी तिला रेनकोट घातला, मग आतल्या आत भिजली. सगळा रंग खरवडून काढा, पण दगड ओरबाडू नका. खिडक्या उघड्या ठेवा. आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस, नाहीतर हट्टानं करणार नाहीत.

ओरडलो, पण माया आटू देऊ नकोस.
धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

नाव लपवणं काही जमलं नाही. बाबांनी पत्र हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि तडक बाहेर गेले. सकाळी पाहते तर स्वारी परांचीवर चढून रंग खरवडतेय! मी बोल बोल बोलले. म्हणतात, मीच फासला, मीच काढणार. शेवटी तुझे भावोजी मदतीला चढले. बंदरावरची माणसं हसतात, म्हातारा उलटं काम करतोय म्हणून. पण खालच्या पायऱ्या सुकल्यासारख्या वाटतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, त्या शहाण्याला विचार. आता जेवतात मात्र दोन्ही वेळा.

तुझं काय? वर्षात तिसरा मुकादम! पायाला भिंगरी आहे ती जरा काढून ठेव.

इथली काळजी कमी कर, आठवण ठेव.
ताई

ता. २४ मे

ती. बाबांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

ताईचं पत्र कामावरच फोडलं. साहेबांनी ओल मोजायचं यंत्र सात ठिकाणी टेकवलं, भिंत कोरडी निघाली, मनोरा ठेवायचा असं लिहून दिलं, एवढं वाचलं आणि मी चुन्याच्या गोणीवर मटकन बसलो. मुकादमानं घाबरून विचारलं, घरचं कोणी गेलं का. म्हटलं, नाही हो, राहिलं.

पत्राच्या कडेला तुमच्या अक्षरात एक ओळ होती, सफेदीसाठी चुना किती दिवस भिजवायचा. ती मी चारदा वाचली. तर बाबा, तीन आठवडे तरी भिजवा, रोज ढवळा. हात पातळ द्या, तीन द्या. वरचा कठडा माझ्यासाठी ठेवा, सुट्टी मागितली आहे.

तुमचा लोभ आहे हे कळलं, तेवढा पुरे.
धाकटा

ता. क. चुना आणि दोन चांगले कुंचे यांचे साडेसातशे पाठवतोय.