कोयनानगरातला पाळणा

कोयनानगर,
१४ जानेवारी १९७८

तीर्थरूप मायस,
ताराचंदचा इथूनच वाकून नमस्कार.

भय्याजींनी लिहून दिलेले तुझे पत्र मिळाले. "जमीन हालते तिथं माह्या सुनेले अन् नातवाले कायले बोलावून राहिला?" हे वाचताना तुझा आवाजच ऐकू आला.

माझी तब्येत उत्तम आहे. भूकंप टिपणाऱ्या यंत्राचा कागद रोज बदलणे हे माझे काम. यंत्र फार नाजूक आहे. साहेब हसत ओरडतात, "ताराचंद, हळू चाल, नाहीतर तुझाच भूकंप उठेल!" लहान धक्के इथे नेहमीचेच. बहुतेक नुसते कागदावर दिसतात, आपल्याला कळतही नाहीत.

खोली चांगली आहे, वर पत्रा आहे. भांडी मी फळीवर न ठेवता खालीच मांडली आहेत. खाट दाराजवळ लावली आहे. पाळणाही आढ्याला टांगायचा नको, जमिनीवर ठेवायचा करून घेतला. सुतार हसला. हसू दे.

धानाचा चुरणा आटोपला का, की खळ्यावर मळणी अजून चालूच आहे? बाबांचा खोकला कसा आहे?

गिरजेला आणि बाळाला एकटे पाठवू नकोस, तूच सोबत ये. चार रात्री इथे झोपून पाहा. तुझे मन मानले नाही, तर दोघांनाही परत घेऊन जा. मी अडवणार नाही.

तुमची वाट पाहणारा,
ताराचंद