कनिंग कुक

ती. इंदुताईस धाकट्या भावाचा नमस्कार.

मी, मुखरू गुरनुले, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, राहणार धानोरा, इंग्रजी भाषेतील एक गंभीर दोष तुझ्या निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. (तू मला पाळण्यात पाहिले आहेस, तथापि लिहिणाऱ्याने आपली ओळख प्रथम द्यावी, हा नियम सख्ख्या बहिणीलाही लागू आहे.) तुझ्या गुडघ्यांना आराम असेल आणि नथ्थूभाऊजींचा ब्रश धरण्याचा हात पूर्ववत स्थिर असेल, अशी आशा करतो.

सीतेच्या खानावळीची पाटी भाऊजींनीच रंगवली, हे तुला ठाऊक आहे. बदलून येणारे साहेब लोक मराठी पाटीपुढून सरळ निघून जातात, म्हणून मजकूर मी इंग्रजीत दिला. ‘हुशार स्वयंपाकीण’ असे लिहायचे होते. शब्दकोशात ‘हुशार’पुढे चार शब्द एका ओळीत उभे होते: क्लेव्हर, स्मार्ट, श्रूड, कनिंग. क्लेव्हर प्रगतिपुस्तकावर असतो, स्मार्ट हल्ली फोनला लावतात, श्रूडचा उच्चार निश्चित होईना. उरला कनिंग, शिवाय ‘कनिंग कुक’ म्हणताना जिभेला बरे वाटते. त्याच काटेकोरपणे ‘आमच्याकडे फक्त जुना तांदूळ’ हेही उतरवले. जुन्याला शब्द दोन, ओल्ड आणि स्टेल. ओल्ड माणसांना लावतात, म्हणून स्टेल घेतला.

पाटी लागल्यावर पंधरा दिवस साहेब लोक येत, पाटी वाचत आणि फक्त पोळ्या मागत. आरमोरीहून मुद्दाम आणलेला दोन वर्षांचा जुना तांदूळ, गोळाभात शिजला की दरवळ रस्त्यापर्यंत, आणि भाताला कोणी हात लावेना! त्यांना मधुमेह असावा, असे अनुमान मी काढले. (एकाच कार्यालयातील सात जणांना मधुमेह, याबाबत एक निवेदनही तयार केले होते.)

मग आमची दिव्यानी सुटीत नागपूरहून आली, पाटी वाचून पोट धरून खालीच बसली. ‘बाबा, स्टेल म्हणजे शिळा! अन् कनिंग म्हणजे कपटी!’ शिळ्यावर सीता हसली. कपटीवर हसली नाही.

‘मी कपटी? सत्तावीस वर्षं तुमाले रांधून घातलं, अन् चौकात लिवून टांगता का बायको कपटी हाये? मंग कपटी बाईच्या हातचं खाता काऊन? घ्या, आपलं आपण रांधा!’

त्याला आज अकरा दिवस झाले. खानावळीत साऱ्या धानोऱ्याला वाढले जाते, मला वगळून. (गिऱ्हाईक उलट वाढले आहे. लोक पाटीखाली फोटो काढतात, ‘कनिंग कुक कोण?’ म्हणून डोकावतात, आणि सीता पदर सावरून पुढे होते. दोन बाके नवी आणली.) मी सकाळी खिचडी करतो, ती संध्याकाळपर्यंत खऱ्या अर्थाने स्टेल होते. मराठीतल्या छटाही या काळात कळल्या: राग तासाभरात उतरतो, रुसव्याला साडी पुरते, अबोल्यावर उपाय मात्र कोणत्याच कोशात सापडला नाही.

असो. दोष निदर्शनास आणला, बाकी क्षेम आहे.

ता. क. भाऊजींना रंगाचा डबा घेऊन पहिल्या बसने पाठव. शब्द दोनच आहेत.

पुन्हा ता. क. तूही सोबत ये आणि सीतेची समजूत घाल. (पत्राचा मूळ हेतू हाच होता, लिहिण्यास संकोच वाटला.) खिचडी आता बघवत नाही.

(येथून पुढे अक्षर सीतेचे.) इंदुबाई, पाकीट चिकटवाले यायनं माह्याचकडे देलं! माहा राग त त्याच दिवशी गेला होता. पण हा माणूस जल्मात पहिल्यांदा भांडे घासून राह्यला, म्हनलं, पाहू अजून थोडे दिवस. कनिंग पुसू नका, गिऱ्हाईक तुटते. तुमी दोघंही या, गोळाभात खाऊ घालीन. यायलेही वाढीन.

वरील मजकूर वाचला. ‘कनिंग’ हा शब्द पूर्णतः अचूक असल्याचे आढळून आल्याने त्याच्या दुरुस्तीची मागणी मागे घेत आहे. फक्त ‘स्टेल’ पुसावा.

मुखरू गुरनुले
धानोरा, १७ मे २०२५