एक छोटा बीप

प्रिय बारक्या,

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दुकानाचा शिक्का बघून बुचकळ्यात पडू नकोस. तुझ्या वहिनीनेही विचारलं, "भावाला पत्र लिहिताय की गॅरंटी कार्ड?" शिक्का का, ते शेवटी येईल. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस, तेवढ्यापुरते तरी आपण सख्खे भाऊ शोभतो. तू तिकडच्या तंत्रशाळेत कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला आहेस, हे मला कळलं. कायमची नोकरी आहे, निवड सोमवारी आहे, हेही कळलं. आजवर या गावातून त्या गावात कंत्राटावर फिरलास, आता कुठे एका जागी बूड टेकवायची संधी आली आहे. कळलं कसं, ते आत्ता विचारू नकोस. माझे कान तुला माहीत आहेत.

काल दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. नवाकोरा डेस्कटॉप दोन्ही हातांत धरलेला, तापाचं पोर दवाखान्यात आणावं तसा. घरी व्हिडिओ बघत स्वतः जोडला होता. पंखे फिरतात, आतले रंगीत दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. बायको रोज म्हणते, "चांगले दिवे लावलेत!" मी त्यांना बसवलं आणि तुला शिकवलेल्या क्रमाने निघालो. आधी मॉनिटरला वीज, मग त्याचं बटण, मग रॅम काढून पुसून पुन्हा 'कट्ट' ऐकू येईपर्यंत दाबायची. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो चिमुकला बझर देत नाहीत. मग बिचाऱ्या मदरबोर्डाने कुठे दुखतंय ते सांगायचं कसं? मी खणातला माझा लावला. आपल्या बाजारातल्या बहुतेक बोर्डांची भाषा अजून तीच आहे : थांबून थांबून ओरडत राहिला तर रॅम, एक लांब आणि दोन आखूड तर ग्राफिक्स कार्ड, आणि एकच छोटा बीप देऊन गप्प झाला तर सगळं ठणठणीत. एकच छोटा बीप आला. मी कॅबिनेट फिरवलं. दुकानातल्या मॉनिटरची केबल त्यांनी घरच्यासारखीच वरच्या, बोर्डाच्या पोर्टात खोचलेली. त्यांच्या प्रोसेसरला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही, ते खालच्या, कार्डाच्या पोर्टातूनच मिळायचं. केबल उपटून खाली घातली आणि स्क्रीन उजळला. गृहस्थ म्हणाले, "एवढंच?" दुकानात सगळे हसले. मला हसू आलं नाही. तुला तरी आलं असतं का?

तुझ्याबद्दल मला कडू बोलायचं असेल तर माझ्याकडे भरपूर आहे, आणि ते बोलल्याशिवाय हे पत्र पुढे सरकणार नाही. बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मी जिन्याखाली उलट्या खोक्यावर बसून रेडिओ दुरुस्त केले आणि तुला शिकवलं. बंद रेडिओ नुसता हलवून, आतून काय खुळखुळतंय ते ऐकून मी बिघाड सांगायचो. लोक बघायला यायचे. पुढे दुकान झालं, पाटी झाली, तू शेजारी उभा राहिलास. गिऱ्हाइकं म्हणायची, दादाचे कान आणि बारक्याचे हात. मी वर वर हसायचो. पण हात दिसतात रे, कान दिसत नाहीत. हळूहळू लोक विचारायला लागले, "बारक्या आहे का? मग नंतर येतो." मी तिथेच, माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरमागे उभा असायचो.

आणि मग त्या प्राचार्यबाई आल्या. कॉलेजच्या लॅबसाठी चोवीस मशीन हवी होती आणि त्याआधी एक नमुना बघायचा होता. तो तू जोडलास, दोन दिवस खपून, आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या बांधून. बाईंसमोर मशीन काउंटरवर ठेवून केबल कोणी लावली, आठवतं? मी. त्यांना ती वेणी दिसावी म्हणून कॅबिनेटची उघडी बाजू त्यांच्याकडे केली होती, बोलता बोलता मागे हात घालून न बघता केबल खोचली आणि ऐटीत बटण दाबलं. पंखे फिरले. चित्र नाही. बाईंनी घड्याळ बघितलं. तू म्हणालास, "दादा, एक बीप आला. बोर्ड ठीक आहे." मी म्हणालो, "मला नाही ऐकू आला." बाजारात माझ्या कानांवर शंका घेणारा माणूस नव्हता. तू पुन्हा म्हणालास, "आला, दादा." मग माझा तोल गेला. म्हणालो, "प्रोसेसर बसवताना सॉकेटच्या पिना वाकवल्यास आणि आता मला ऐकायला शिकवतोस?"

त्यानंतरचं तू विसरला असशील असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तू वाद घातला नाहीस. माझ्या बाजूने वाकून मशीनच्या मागे बघितलंस. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस. तुला केबल दिसली होती. नुसतं बोट दाखवलं असतंस तरी पुरे होतं. पण बाईंसमोर दादाची शोभा होईल म्हणून तू तोंड मिटलंस, छातीच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून काउंटरवर ठेवलास आणि निघून गेलास. दारसुद्धा आपटलं नाहीस! तुझं ते गप्प राहणं मी तुला आजपर्यंत माफ केलेलं नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्याच संध्याकाळी तुझ्या मागे आलो असतो. तू मला न विचारता सांभाळून घेतलंस, तेही माझ्याच हाताखाली वाढलेल्या पोराने. ते मला गिळता आलं नाही.

तू गेल्यावर बाईंना चहा सांगितला आणि कॅबिनेट फिरवलं. केबल वरच्या पोर्टात. तू अजून कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्यापाशी दिसत होतास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी केबल हळूच काढून खिशात घातली आणि बाईंना सांगितलं, "बोर्ड बदलावा लागेल, परवा या." तिसऱ्या दिवशी तेच मशीन, तोच बोर्ड, त्याच वायरींची वेणी त्यांना दाखवली. चोवीसची ऑर्डर मिळाली. बाजारात कोणी तुझ्याबद्दल विचारलं की मी खांदे उडवायचो, "हात जड, पिना वाकवल्या." लोकांनी तुझं नाव 'पिनवाक्या' ठेवलं. कोणत्याच दुकानाने तुला उभं केलं नाही, म्हणून तू गाव सोडलंस. आई शेवटच्या आजारात विचारायची, बारक्या का येत नाही. मी म्हणायचो, "हट्टी आहे." तू तिला भेटायला आलास तेही मी दुकानात असताना येऊन गेलास. तिच्या उशाशी दोन कप दिसले आणि मला कळलं.

आता शिक्क्याचं. काल सकाळी, ते गृहस्थ यायच्या आधी, दुकानात फोन वाजला. तंत्रशाळेचे प्रमुख होते. अर्जात आधीच्या मालकाचं नाव हवं होतं आणि तू माझं दिलंस. का दिलंस, बारक्या? एवढ्या वर्षांत दुसरं कोणीच नव्हतं, की मी एकदा तरी खरं बोलेन असं तुला वाटलं? त्यांनी विचारलं, "हाताचं काम कसं आहे? तुमच्याकडचं का सोडलं?" मला विचारही करावा लागला नाही. ओठांवर तेच आलं, "मुलगा चांगला आहे हो, पण हात जरा जड. एकदा नव्या बोर्डाच्या पिना..." ते म्हणाले, "बरं, कळलं," आणि पलीकडे पेनाला टोपण लावल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. दुपारी त्या गृहस्थांची केबल खाली लावली आणि गिऱ्हाइकांना घालवून शटर ओढलं. आज सकाळी मी फोन करून सांगितलं की तू माझा भाऊ आहेस आणि पिना वाकल्याच नव्हत्या, तर ते म्हणाले, "आता भावाची बाजू घेताय का? जे काय असेल ते लेखी द्या." म्हणून हे लेखी आहे, सहीनिशी, पानोपानी शिक्का मारून. सोमवारी हे त्यांच्या टेबलावर ठेव, सगळंच्या सगळं, मी तुला कडू बोललो तेसुद्धा. वाचून झालं की फाड, नाहीतर ठेव. मला उत्तर लिहू नकोस, तुझं चांगलं वागणं मला पुन्हा झेपणार नाही. त्यांच्या माहितीसाठी शेवटची ओळ ठळक लिहितो : त्या दिवशी एक छोटा बीप आला होता. मी ऐकला होता.

तुझाच,
दादा