परतीचं कलम

भोर,
७ जुलै २०२५

प्रिय दादा,
नमस्कार.

"शिक्षा संपली, हे माणसाला कोण सांगतं?" वाडी सोडताना एस.टी.च्या पायरीवरून तू मला विचारलं होतंस. त्याचं उत्तर आता लिहिते.

इकडे सगळे बरे. आई नीट जेवते. तुझं सारोळ्याचं गॅरेज चांगलं चालतं, असं कानावर येतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

विंझरच्या वर आपल्या वाडीनं पाण्याची संस्था काढलीय. ओढ्याचं पाणी आधी कुणाच्या खाचरात, बांध फोडला तर काय, हे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. इतिहास शिकवते ना. मी जुने कायदे काढून बसले. बाबिलोनमध्ये ज्याच्या बांधातून पाणी सुटून शेजाऱ्याचं पीक जाई, त्यानं धान्य भरून द्यायचं. नाही जमलं तर त्यालाच विकायचे. बैठकीत हे वाचलं तशी अंबूबाई म्हणाली, "आमच्या ह्यास्नी कुनी घेतलंच नसतं. दुसऱ्या दिशी परत आनून सोडलं असतं."

सगळे हसले. मग मी अथेन्सचं वाचलं. तिथं लोक मतं टाकून एखाद्याला दहा वर्षं शहराबाहेर काढत. पण घर, जमीन त्याचीच राहायची. मुदत संपली की तो येऊन पूर्वीच्याच हक्कानं बसायचा.

यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांना तूच आठवला असशील.

कोंडिबांचा बांध तू फोडलास, त्यांचा भात वाहून गेला. भरपाई तू दिलीस. तरी वाडीनं तुला इर्जिकीला बोलावणं थांबवलं. सगळे एकमेकांच्या शेतात राबायचे, तुझ्या शेतात कुणी नाही. आणि किती दिवस, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

कोंडिबा खाली बघत म्हणाले, "माझा राग कवाच गेला व्हता. पन वरच्या आळीनं बोलवावं, मंग म्या."

वरच्या आळीचा ज्ञानू म्हणाला, "आवो, आमी तुमची वाट बगत व्हतो."

प्रत्येक घर दुसऱ्याची वाट बघत राहिलं, दादा, आणि तू निघून गेलास.

मग आम्ही आमचं कलम लिहिलं. अथेन्सहून थोडं वेगळं. भरपाई झाली की पुढच्या आवणीला, भाताची रोपं लावायला, ज्याचं नुकसान झालं त्यानंच स्वतः जाऊन चुकलेल्याला बोलवायचं. कोंडिबा म्हणाले, "म्हंजी पयला मीच. पन त्यो मला दारात तरी उभा करंल का?"

गुरुवारी ते सारोळ्याला येणार आहेत. गुडघे दुखतात, तरी एस.टी.नंच येतो म्हणाले. आवणीला यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी तेवढं मागत नाही. त्यांना लांबून पाहताच तू शटर ओढशील, हे मी जाणून आहे. तरी मागते: त्यांना आत बसव, आणि त्यांचं बोलणं पुरं होऊ दे.

नाही म्हणालास तरी तुझीच,
सुलक्षणा