साडेपाचची हजेरी

रविवार, २

कालच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. इथे नऊ प्राणी आहेत असं मी लिहिलं होतं. ते तेरा आहेत.

मी मोजले तेव्हा नऊच दिसले होते. पण स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशेजारी एक काळा फळा आहे, त्यावर खडूनं तेरा नावं लिहिलेली आहेत. मी काकूंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की फळा बरोबर आहे, चौघं जरा लाजरी आहेत, मागच्या अंगणात असतात आणि जेवायलाच काय ती येतात. म्हणून कालच्या नऊवर एकच सरळ रेघ मारली आणि शेजारी तेरा लिहिलं. बाबांनी तसंच शिकवलंय. चूक खरवडायची नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. गणित बाबांनी शिकवलं, अक्षर आत्यानं वळवलं आणि कुठे गप्प बसायचं ते आईनं शिकवायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन विषयांत मी बरी आहे.

माझी ही पहिली नोकरी. ज्यांचे मालक परगावी गेले, म्हातारे झाले किंवा कंटाळले, अशा जुन्या जनावरांचं हे घर. घर काकूंचं. मालकीणबाई म्हटलेलं त्यांना चालत नाही. खोली मला वरची मिळाली आहे, खिडकी पूर्वेला. मुख्य म्हणजे चिंधीला सोबत आणायला त्यांनी एका शब्दात होकार दिला. माझी मांजर सतरा वर्षांची आहे, तिची मूत्रपिंडं थकली आहेत. तिला सोडून मी कुठेच गेले नसते. ती आता खिडकीतल्या उन्हात पडून इथल्या पोपटाला तुच्छतेनं न्याहाळते आहे. पोपटाचं नाव वकील. का, ते पाच मिनिटांत कळतं.

काम सोपं आहे. सकाळी झाडलोट आणि औषधं. संध्याकाळी साडेपाचला मागच्या दारात उभं राहून पातेल्यावर डाव वाजवायचा आणि फळ्यावरची नावं वरून खाली मोठ्यानं वाचायची. प्रत्येक नावाला एक ताटली. नियम दोनच. नाव गाळायचं नाही आणि फळा पुसायचा नाही.

मंगळवार, ४

चांगला दिवस. भोपळ्या नावाचा म्हातारा कुत्रा माझ्या मागं मागं फिरतो आणि मी थांबले की माझ्या पायावर बसतो, त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागतो. कासवाचं नाव एक्सप्रेस. तीन पायांच्या मांजरीचं नाव तिपाई, आणि ती दोन धडधाकट मांजरींना पुरून उरते. दोन जुळ्या कुत्र्या आहेत, त्या सशाला घाबरतात. ससा म्हणजे घरचा पैलवान.

औषधाच्या एका बाटलीवर तारीख चुकीची होती ती मी बदलली, तर काकू हसून म्हणाल्या, आली गं बाई आमची मास्तरीण. तेव्हापासून मी मास्तरीण. वकिलानंही लगेच उचललं.

लाजऱ्या चौघांच्या ताटल्या मी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे ठेवते. अर्ध्या तासानं त्या रिकाम्या असतात. फळ्यावर शेवटचं नाव सोन्या. त्याच्या ताटलीत थोडा भात उरतो आणि त्यात चार समांतर रेघा असतात. कुत्रा मोठा असावा, पंजानं खात असावा. अजून दिसला नाही.

मागच्या अंगणात चार वाफे आहेत, काहीच न लावलेले. एक बाकीच्यांपेक्षा बराच लांब आहे. काकूंना विचारायचं, काही पेरायचं असेल तर मी मदत करीन.

शनिवार, ८

भोपळ्या गेला. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या पायावर बसल्या बसल्याच. मला वाटलं झोपला. पाय बधिर झाला तरी मी हलवला नाही.

काकूंनी खड्डा त्या चार वाफ्यांच्या शेजारी घेतला. आता ते वाफे कसले आहेत ते मला कळलं, आणि पेरणीचं विचारलं नाही हे बरं झालं.

साडेपाचला मी नावं वाचली. भोपळ्याचं आलं तेव्हा गाळलं. काकू माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी ते नाव हळूच घेतलं, झोपलेल्या मुलाला उठवताना घेतात तसं. मग स्वतःच ताटली भरून टाकीमागे ठेवली. दुःखात माणूस असं करतं.

अर्ध्या तासानं ताटली रिकामी होती. जुळ्यांनी खाल्लं असणार.

सोमवार, १०

दुरुस्ती. जुळ्यांनी खाल्लं असणार, हे चूक. आज मी दोघींना आत कोंडून घेतलं आणि टाकीजवळ उभी राहिले. भिंतीवर चांगलं ऊन होतं.

भोपळ्या आला.

दिसलं तेवढंच लिहिते. पाठीवर माती होती. पुढच्या पायांची नखं पार झिजली होती, उकरून उकरून झिजावीत तशी. त्यानं शेपूट हलवली नाही. खाल्लं, पण भुकेनं नाही. ताटात वाढलेलं टाकू नये म्हणून कुणी खातं तसं. मग वर बघितलं माझ्याकडे. दिवसभर राबून आडव्या झालेल्या माणसाला कुणी पुन्हा उठवलं तर ते जसं बघेल, तसं.

आत जुळ्या एकमेकींत तोंड खुपसून बसल्या होत्या. चिंधीच्या पाठीवरचे केस उभे.

गुरुवार, १३

आज जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. बुटके, बोलके, सतत खिसे चाचपणारे. मी त्यांची यादी मागून घेतली. त्यात आठ प्राणी आहेत. भोपळ्यावर त्यांनी माझ्यासमोर रेघ मारली.

मी सोन्याचं विचारलं. सोन्या कुठल्या जातीचा कुत्रा. ते हसलेच. म्हणाले, अहो कुत्रा कसला, सोन्या म्हणजे तुमच्या आधी इथे काम करायचा तो, साठीचा होता, पण काकू त्याला सोन्याच म्हणायच्या. खोकून खोकून गेला बिचारा गेल्या थंडीत. मागंपुढं कुणी नव्हतं त्याचं, काकूंनीच सगळं केलं.

चार रेघा. पंजा नव्हे. चार बोटं.

बारा दिवस मी रोज साडेपाचला एका माणसाला हाक मारून टाकीमागे ताटली ठेवते आहे.

जाता जाता डॉक्टरांनी चिंधीला तपासलं. आठवडा, म्हणाले. फार तर.

शुक्रवार, १४

काकूंना सरळ विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, त्यात वाईट काय आहे, बोलावलं की येतात, दोन घास खातात आणि जातात. मी म्हटलं, ती दमली आहेत, तुम्ही त्यांच्याकडे बघितलंय का. त्या म्हणाल्या की ताटली ठेवल्यावर त्या कधीच टाकीमागे बघत नाहीत. नाव घेतलं, ताटली रिकामी झाली, एवढं त्यांना पुरतं.

मग म्हणाल्या की त्यांना अलीकडे काही लक्षात राहत नाही. फळ्याशिवाय एक नाव सांगता यायचं नाही. पुसलं तर कुणी होतं हेसुद्धा जाईल. एवढं म्हणताना मात्र हात थांबला. मला त्यांची दया आली, हे लिहायलाच हवं.

उठताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. तुझी चिंधी जाईल ना, तेव्हा माझे आभार मानशील, म्हणाल्या.

फळ्यावर चौदावं नाव लिहिलेलं आहे. चिंधी. ती वर खिडकीत बसून पाय चाटते आहे, आणि तिचं नाव तिथे आहे.

मी खडू घेऊन त्यावर एक सरळ रेघ मारली.

रविवार, १६

रेघ गेली. नाव तिथेच.

काल आणि आज मी जिवंतांचीच नावं वाचली, आठ. जी गाळली ती वकिलानं घेतली. पुरुषाच्या आवाजात, मध्ये मध्ये खोकत. सगळी आली.

बाबांना फोन केला. अर्धंच सांगितलं, बाकीच्यावर त्यांचा विश्वास बसला नसता. घरी ये म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ह्यात तुझी चूक किती. मी म्हटलं, नावं मीही वाचली, दोन आठवडे. मग दुरुस्त करून ये, म्हणाले.

बरोबर आहे. मी निघून गेले तर आठ जिवंत इथे राहतील, आणि एकेक करून फळ्यावरच राहतील.

मंगळवार, १८

चिंधी गेली. सकाळी अकरा दहाला, मांडीवर, उन्हात. शेवटी माझ्या अंगठ्यावर हनुवटी ठेवली होती.

काकूंनी सहावा वाफा आधीच खणून ठेवला होता. मी तिला तिथे ठेवलं नाही. टोपली घेऊन भिंतीपलीकडे गेले, कुठे ते इथेही लिहीत नाही. काकूंनी दोनदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. मोठ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याची ही माझी पहिलीच वेळ. आईचा विषय शेवटी जमला.

बुधवार, १९

साडेपाच. मी आठ वाचली आणि थांबले. चौदावं नाव समोर होतं. जिभेवर आलं होतं — एकदाच, एकदाच बघू दे — जीभ चावली. रक्त आलं. नाही घेतलं.

काकूंनी घेतलं. कुणी आलं नाही. चिंधीनं जन्मात दुसऱ्या कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. मला हसू आलं, रडता रडता.

मग वकील बोलला. चिंधी, ये गं, चिंधे. माझा आवाज. दोन आठवडे रोज ऐकलेला.

भिंतीवरून आली. मिशांना माती. नखं —

किती लांबून उकरत आली असेल. मी लांब पुरलं म्हणून.

गुरुवार, २०

मांडीवर येत नाही. समोर बसते. डोळे मिटायला लागले की वकील हाक मारतो आणि ती डोळे उघडते.

पिंजऱ्यावर चादर टाकली. गप्प झाला. ती गेली. साडेपाचला काकू चादर काढतात —

फळ्यावर पंधरावं नाव आलंय. मास्तरीण.

मी म्हटलं, काकू, मी जिवंत आहे. त्या म्हणाल्या, हो गं, म्हणून तर आताच लिहून ठेवलं, विसरायला नको. किती मायेनं म्हणाल्या.

मला भीती वाटते.

शुक्रवार, २१

दुरुस्ती. कालचं शेवटचं वाक्य कापलं. खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलंय: मला राग आलाय.

डॉक्टरांना फोन केला. बाकी काही सांगितलं नाही, आठांना हलवायचंय एवढंच. उद्या संध्याकाळी सहाला गाडी आणतो म्हणाले. वकीलही जाणार, चादरीसकट.

बादली भरून दाराशी ठेवली आहे. साबण, फडकं. आज पुसला असता, पण चोरून पुसायचा नाही. ती सगळी समोर असताना पुसायचा. गेलेल्या सहाही जणांना माझ्या तोंडून एकदा ऐकू गेलं पाहिजे. नाव घेईन, सोन्याचंही. सोन्याकाका म्हणेन, इतके दिवस ताटली जमिनीवर ठेवली म्हणून माफी मागीन. चिंधीचं सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला सांगीन, आता निजा, परत कुणी उठवणार नाही. मग पाणी.

काकूंना नावं हवी असतील तर ती ह्या वहीत आहेत. वाचायला. हाका मारायला नव्हेत.

खाली डाव वाजतोय. आजची वाचताहेत. मी वरच आहे, दार लावलंय. वकील. एक्सप्रेस. तिपाई —

भोपळ्या.

सोन्या. खोकला.

चिंधी. माझ्या आवाजात.

आता माझं — घेतलं. काकूंनी घेतलं. हळूच, झोपेतून उठवतात तसं.

मी उभी आहे. उठले कधी ते आठवत नाही. पाय दाराकडे — नाही. मी बसते आहे. लिहिते आहे. खुर्चीचा पाय धरलाय डाव्या हातानं.

पुन्हा घेतलं. वकिलानंही. चार बोटं आहेत दाराच्या फटीत खाली, मातीची. ओढत नाहीत. थोपटताहेत, सावकाश, दमलेली. मलाही सोडव म्हणत असावीत.

हो काका. उद्या. आज मी खाली येणार नाही, कुणीही कितीही हाका मारल्या तरी. उद्या माझ्या पायांनी येईन. शनिवार, २२. साडेपाच. बादली दाराशी आहे. पहिलं नाव वरून पुसायचं की खालून, ते —