फिल्टरची जुनी रिंग

४ एप्रिल, मंगळवार

ताई गेली! खरंच गेली. बॅग भरली, चष्म्याची डबी शोधली, दार हळूच लावलं आणि दुपारच्या बसनं भाचीकडे. आपटलं असतं दार तर बरं वाटलं असतं मला.

भांडण कशावरून, तर पाण्यावरून. चढणीवर गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली, खोकली आणि बंद! मोटरहोम म्हणजे घरच ते, घर रस्त्यात आडवं झालं. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी उतरून बघते तर काय, पाण्याचं झाकण आणि डिझेलचं झाकण एकाच बाजूला, हातभर अंतरावर. सकाळी नळी लावून टाकी ताईनंच भरलेली. मी म्हटलं, "डिझेलमध्ये पाणी ओतलंस ना?" ती म्हणाली, "नाही गं छोटे, पाण्याच्याच टाकीत घातलं. एवढं कळतं मला." झालं! माझं तोंड सुटलं. "जन्मभर पोरांना भूगोल शिकवलास आणि दोन झाकणांतला फरक कळत नाही?" ट्रकवाल्यासमोर बोलले हे. तो बिचारा दोर बांधायचा सोडून चाकाकडे बघत बसला.

त्यानं ओढून इथं आणून सोडलंय, गाड्यांच्या तळावर. पलीकडच्या रस्त्याला एक गॅरेज आहे म्हणे. आपल्याला काय गरज? तीस वर्षं कारखान्यात पोरांना फिटरकाम शिकवलंय मी.

दोन दिवसांत रुसवा जाईल. गाडी चालवते ती, खोलते मी, असं पाच वर्षं चाललंय. जाईल कुठं?

५ एप्रिल, बुधवार

डिझेलची टाकी उपसली. काचेच्या बाटलीत घ्यायचं, ठेवायचं, वाट बघायची. पाणी असेल तर तळाशी बसतं. नाही बसलं. दुसरी बाटली — नाही. अकरा बाटल्या झाल्या, हात साबणानं तीनदा धुतले तरी वास जाईना. पाण्याचा एक थेंब नाही!

कोपऱ्यात कुठंतरी असणार. असलंच पाहिजे.

६ एप्रिल, गुरुवार

ताई फोन उचलत नाही. भाचीनं उचलला. "आत्या, मोठी आत्या झोपलीये." सकाळचे अकरा! ताई आणि अकराला झोपलेली? थाप मारायची तर जरा बरी तरी मार म्हणावं.

८ एप्रिल, शनिवार

दूध नासलं. गाडी एका अंगाला कललेली, त्यामुळे गॅसवरचा फ्रिज धड चालत नाही. त्याला गाडी सपाट लागते. एरवी खाली जॅक मी फिरवायचा आणि आत ओट्यावर सपाटी बघायच्या पट्टीतला बुडबुडा ताईनं बघायचा. "अजून... अजून... बास!" — पाच मिनिटांचं काम. आज एकटीनं केलं. दोन आटे फिरव, उठ, पायरी चढ, बुडबुडा बघ, उतर, वाक. गुडघ्यांनी अक्षरशः शिव्या दिल्या. चौदा फेऱ्या झाल्या. एक तास.

शेवटी बुडबुडा मधोमध आला आणि मी मोठ्यानं म्हटलं, "बास!" कुणाला, कोण जाणे.

रडू आलं. बुडबुड्यावरून रडणारी मी पहिलीच बाई असेन.

९ एप्रिल, रविवार

छपरावर चढले. छपरातल्या खिडकीच्या कडेचं जुनं सील खरवडून नवं भरायचं होतं. ताईचा बिछाना त्याच्या बरोब्बर खाली, म्हणून. वरूनच हाक मारली, "ताई, ती पातळ पट्टी दे गं." शेजारच्या गाडीतला माणूस कपडे वाळत घालता घालता थांबला. त्यानं चौकशी करू नये म्हणून मी खोटंच गुणगुणायला लागले.

गाडी अजून चालू होत नाही. डिझेल नवं भरलं तरी तेच — घुर्र, घुर्र, ठप्प.

११ एप्रिल, मंगळवार

हात टेकले. मेकॅनिकला बोलावलं. सावकाश माणूस. आधी नुसता इंजिनाशी कान लावून बसला. मग म्हणाला, "बाई, ही हवा खेचतेय. डिझेलचा फिल्टर हल्ली बदललात का?"

"एक तारखेला. मी स्वतः."

त्यानं फिल्टर सोडवला. तो बसतो ती जागा बोटानं चाचपली आणि नखानं काहीतरी उचकटलं. काळी, चपटी झालेली रबराची रिंग. "ही जुनी. इथंच चिकटून राहिली होती. तुम्ही तिच्यावर नवी बसवलीत."

दोन रिंगा! एकीवर एक! मग फिल्टर बसणार कसा आणि हवा खेचणार नाही तर काय? तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले मी, "जुनी रिंग हातात आल्याशिवाय नवीला हात लावायचा नाही!" एका पोराला त्यासाठी तासभर उभं केलं होतं.

मी पायरीवर बसले. मेकॅनिक चांगला माणूस निघाला. म्हणाला, "होतं हो. आम्हीपण करतो. घरी सांगा पंप गेला होता."

पाच मिनिटांत गाडी चालू झाली. आवाज इतका सुरेख की लाज वाटली.

१२ एप्रिल, बुधवार

भाचीला फोन केला. तोंडातून काय निघावं? "सांग मोठ्या आत्याला, पंप गेला होता." वर आणखी, "पाण्याचं मी मनावर घेतलेलं नाही." म्हणजे गुन्हा माझा आणि माफही मीच करतेय तिला! मागून ताईचा आवाज ऐकू आला, "बरं म्हणावं."

दिवसभर अन्न गोड लागलं नाही. ताईचं ते "एवढं कळतं मला" डोक्यातून जात नाही. तिचा चेहरा कसा झाला होता! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

१३ एप्रिल, गुरुवार

लिहून पाठवलं. फोनवर जमलं नसतं. "ताई, पंप ठीक होता. जुनी रिंग मी विसरले. तू पाणी बरोबर घातलं होतंस. चारचौघांत बोलले त्याची माफी. रविवारी घ्यायला येते. हळूहळू चालवीन, डाव्या कडेनं. मला तुझ्याशिवाय इथं जेवण जात नाही." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

वाचलं तिनं. उत्तर नाही.

मी गाडी धुवून काढली. तिचा बिछाना उन्हात घातला. उशीला नवा अभ्रा.

१४ एप्रिल, शुक्रवार

ताईचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "छोटे, कशाला गं सांगितलंस? मी रागावून गेले असंच तुला वाटत राहिलं असतं तर सोपं होतं. मी परत येणार नाहीये. दोन वर्षं झाली, मला एका जागी राहायचंय. सकाळी उठल्यावर कालचंच झाड दिसायला हवंय. तुझे यजमान गेले, तू एकटी पडशील म्हणून चालवत होते गाडी." भाचीच्याच गल्लीत खोली बघितलीये तिनं.

मी विचारलं, "तुला कधीच आवडलं नाही का हे?"

ती म्हणाली, "हे तू आज पहिल्यांदा विचारतेयस."