दहा वर्षांच्या आत

भवानी पेठ, सोलापूर
ता. ११ फेब्रुवारी १९७९

आदरणीय दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. चार महिने झाले, प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते. त्रेचाळीस वर्षांची बाई पाटी घेऊन निघते म्हणून गल्ली हसते. अक्षर वाकडं आहे, तूही हसून घे.

वर्गात बाईंनी घटनेची माहिती सांगितली. मी ऐटीत म्हणाले की माझा भाऊ दिल्लीला घटनासभेच्या कचेरीत टायपिस्ट होता. तर शेजारची गोजरबाई म्हणाली की मग त्यानं पोरींची शाळा का न्हाय लिहून घेतली. त्याचं उत्तर तूच सांग.

मार्चअखेर तू निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार. वहिनी गेल्यापासून तू एकटाच. इथे दोन खोल्या आहेत, एक तुझी. दर पत्रात येण्याचा प्रयत्न करीन म्हणतोस. या खेपेला तारीख लिही. तुझी फार आठवण येते.

लोभ आहेच, आता पाऊलही इकडे वळू दे.
तुझी मुक्ता

नवी दिल्ली
ता. २२ फेब्रुवारी १९७९

चि. मुक्तास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. दोनदा वाचलं आणि रडलो.

गोजरबाईंना सांग, मसुद्यात लिहिलं होतं. मोफत प्राथमिक शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क, असे शब्द होते. नोव्हेंबर अठ्ठेचाळीसमध्ये वाद झाला. ते कलम ज्या भागात होतं त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, मग तिथे हक्क कसा म्हणायचा, असा मुद्दा निघाला. वय अकरापर्यंतच धरा, असंही कुणी म्हणालं. मसुद्यातलं चौदाच राहिलं. पण हक्काचे शब्द गेले. दहा वर्षांच्या आत सरकार प्रयत्न करील, एवढ्यावर तडजोड झाली. नवी प्रत मी टाइप केली. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस.

त्याच आठवड्यात मी घरी लिहिलं की मुक्ताला शिकायला दिल्लीला आणायचं कबूल केलं होतं, पण खोली मिळत नाही, पुढच्या वर्षी प्रयत्न करीन. तुझं उत्तर आलं की मला शिकायचंच नाही. तू रुसलीस हे कळत होतं. तरी पुन्हा विचारलं नाही, कारण मलाही ते सोयीचं पडलं. आता तुझ्या दारात राहायला कोणत्या तोंडाने येऊ? इथे एक मित्र खोली देतो म्हणतो. बघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा जालिंदर

भवानी पेठ, सोलापूर
ता. ४ मार्च १९७९

आदरणीय दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी रुसले नव्हते. पोस्टमननं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई आत खोकत होती. तिला उठवून पाणी पाजायला मीच होते. तिला ऐकू जाऊ नये म्हणून पोस्टमनला कोपऱ्यावर नेलं आणि लिहायला सांगितलं की मला शिकायचंच न्हाय, माझी वाट बघू नको. ते खोटं होतं. पुढे विड्या वळताना शाळेची घंटा ऐकली की रडू यायचं. पण ते माझं मी ठरवलं होतं, त्याचं ओझं तू कशाला वाहतोस?

शाळा उशिरा का होईना, मिळाली. भाऊ नाही मिळाला. एकतीस वर्षांत तू चारदा आलास, तेही दोन-दोन दिवस. मित्राच्या खोलीत आजारी पडलास तर मला कोण कळवणार?

रागावले आहे, पण वाट बघते.
तुझी मुक्ता

नवी दिल्ली
ता. १२ मार्च १९७९

चि. मुक्तास,
सप्रेम जयभीम.

मित्राला नाही म्हणून सांगितलं. दोन एप्रिलचं तिकीट काढलं आहे. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. स्टेशनवर ये. मोतीबिंदूमुळे लांबचं माणूस ओळखू येत नाही, म्हणून तूच मोठ्याने हाक मार.

जालिंदर